गार्डनमधली शांतता

जर्सीहून रोज ट्रेनने न्यूयॉर्कला येणाऱ्या आमच्यासारख्यांच्या डोक्यावर मॅडिसन स्क्वेअर गार्डन असतं. पेन स्टेशन जमिनीखाली आणि त्याच्या वर हे गोल, बंदिस्त सभागृह. गंमत म्हणजे ते मॅडिसन चौकात नाही आणि तिथे बागही नाही! या नावाची ही चौथी इमारत, १९६८ सालची. पहिल्या दोन त्या चौकाशेजारी होत्या. पुढे जागा बदलत गेली, नाव तेवढं मागोमाग आलं.

काही वर्षांपूर्वी कोल्हापूरहून मामा आले होते. तरुणपणी तालमीतले. 'इथे वर कुस्त्या होतात' असं कळल्यावर ते थोडेच गप्प बसणार? तिकिटं काढली. दहा मिनिटांत मामांनी निकाल दिला, "लेका, ही तर नुरा कुस्ती!"

परतीच्या गाडीत मी त्यांना ब्रुनो सामार्तिनोची गोष्ट सांगितली. हा इटलीच्या डोंगरातला मुलगा. महायुद्धात जर्मनांपासून लपून राहिलेला, १९५० साली अमेरिकेत आला. १७ मे १९६३ रोजी जुन्या, म्हणजे तिसऱ्या गार्डनमध्ये त्याने बडी रॉजर्सला ४८ सेकंदांत हरवलं आणि पुढे ७ वर्षं ८ महिने किताब सोडला नाही. गावाकडून आलेल्या कष्टकरी माणसांना तो आपला वाटे. १८ जानेवारी १९७१ला, आताच्या गार्डनमध्ये, इव्हान कोलॉफने त्याची पाठ टेकवली. सगळं सभागृह एकदम चिडीचूप! आपले कानच गेले की काय असं वाटलं, असं ब्रुनो पुढे सांगत असे.

त्याच वर्षी, त्याच छताखाली, १ ऑगस्टला दुसरा एक प्रसंग घडला. बांगलादेशातल्या निर्वासितांसाठी रविशंकरांच्या सांगण्यावरून जॉर्ज हॅरिसनने दोन कार्यक्रम ठेवले, दुपारी एक आणि रात्री एक. मिळून साधारण ४० हजार श्रोते. सुरुवातीला रविशंकर, अली अकबर खाँ आणि तबल्यावर अल्लारखाँ. त्यांनी वाद्यं जुळवली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला! लोकांना वाटलं, एक तुकडा वाजवून झाला. रविशंकरांनी हसून चिमटा काढला, की जुळवणंच एवढं आवडलं असेल तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे.

हा किस्सा आपण अमेरिकनांना हसण्यासाठी सांगतो. मलाही पूर्वी हसू यायचं. पण जानेवारीतली शांतता त्याच्या शेजारी ठेवून बघा. एकीकडे आधी ठरलेल्या पराभवाला लोक खरं दुःख मानतात, दुसरीकडे ज्यातलं ओ की ठो कळत नाही त्याला मनापासून दाद देतात. दोन्हीकडे फसले म्हणा हवं तर. पण फसायला आधी विश्वास टाकावा लागतो, आणि हे घर त्यावरच चाललंय.

हे सगळं नाटक आहे, हे पुढे कुस्तीवाल्यांनी स्वतःच कबूल केलं. १९८९ साली, आमच्याच न्यू जर्सीच्या सिनेटपुढे. खेळ म्हटला की सरकारी देखरेख आली, तीतून सुटायचं होतं. म्हणजे भाबडेपणामुळे नव्हे, खर्चाच्या हिशेबाने सत्य बाहेर आलं!

मामा म्हणाले, "बघ, म्हटलं नव्हतं?"

मग मी राहिलेली गोष्ट सांगितली. ब्रुनोने किताब परत मिळवला होता. एप्रिल १९७६मध्ये याच गार्डनमध्ये स्टॅन हॅन्सनने त्याला उचलून आपटताना पकड चुकली आणि ब्रुनोची मान मोडली. अगदी खरी. दोन महिन्यांनी तो पुन्हा त्याच हॅन्सनसमोर उभा राहिला.

मामा बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांची कुस्ती खांदा निखळल्यावर सुटली होती, त्याबद्दल ते कधी बोलत नाहीत. नेवार्क गेल्यावर म्हणाले, "आमची पाठ एकदा लागली की वर्षभर तोंड दाखवायची लाज वाटायची. ही माणसं रोज पाठ लावून घेत्यात, पोटासाठी. पडणाऱ्याला बघत जा रं, पाडणाऱ्याला नको."

असो. आता संध्याकाळी वरच्या कार्यक्रमाची गर्दी जिन्यावरून उतरते तेव्हा मी माझी गाडी असली तरी क्षणभर थांबतो.