मुर्शिदाबाद: भागीरथीच्या काठावरची नवाबांची राजधानी आणि तिथे आजही आठवले जाणारे ‘बर्गी’

कोलकात्यापासून साधारण २०० किलोमीटर उत्तरेला, भागीरथी नदीच्या पूर्व काठावर मुर्शिदाबाद हे छोटं शहर आहे. स्थानिक लोक त्याला लालबाग म्हणतात. आंब्याच्या बागा, तळी, शेवाळलेल्या विटांच्या भिंती आणि गल्लीबोळातून फिरणाऱ्या ‘टोटो’ म्हणजे बॅटरीवरच्या रिक्षा. आज एवढंच दिसतं. पण अठराव्या शतकात बंगाल, बिहार आणि ओडिशाचा कारभार इथून चालायचा. १७५७ नंतर हे शहर बघून रॉबर्ट क्लाईव्हने त्याची तुलना थेट लंडनशी केली होती.

महाराष्ट्रातून इथे येणाऱ्या बहुतेकांना दोनच नावं माहीत असतात: प्लासी आणि मीर जाफर. हजारदुआरी राजवाडा बघायचा, तोफेसमोर फोटो काढायचा आणि संध्याकाळची गाडी पकडायची. खरं तर मराठी बोलणाऱ्या मुसलमान कुटुंबाचं या गावाशी याहून जवळचं नातं आहे. ज्याने हे शहर वसवलं तो दख्खनचा होता आणि ज्यांनी ते लुटलं ते नागपूरहून आले होते.

दख्खनमधून आलेला संस्थापक

मुर्शिद कुली खान हा जन्माने दख्खनमधला गरीब ब्राह्मण कुटुंबातला मुलगा होता, असं इतिहासकार जदुनाथ सरकार सांगतात. हाजी शफी नावाच्या इराणी अमलदाराने त्याला विकत घेतलं, मुलासारखं वाढवलं आणि इराणला नेलं. हाजी शफींच्या इंतकालानंतर तो परत दख्खनला आला आणि वऱ्हाडच्या दिवाणाच्या हाताखाली हिशेबाच्या कामाला लागला. तिथेच औरंगजेबाची नजर त्याच्यावर पडली. १७०० साली त्याला बंगालचा दिवाण करून पाठवण्यात आलं. ढाक्यात बसलेल्या शहजाद्याशी, म्हणजे औरंगजेबाच्या नातवाशी, त्याचं पटेना. म्हणून त्याने आपली कचेरी भागीरथीकाठच्या मकसूदाबादला हलवली आणि पुढे गावाला स्वतःचं नाव दिलं.

वसुलीच्या बाबतीत हा माणूस फार कडक होता. थकबाकीदार जमीनदारांना तो कोठडीत टाकायचा. दिल्लीला दरसाल कोटीभर रुपये बिनचूक जायचे, म्हणूनच दिल्लीने त्याला कधी हलवलं नाही. हिशेब वऱ्हाडात शिकला आणि वापरला बंगालमध्ये, असं म्हणायला हरकत नाही.

त्याची कबर कटरा मशिदीत आहे आणि मुर्शिदाबादची सुरुवात इथूनच करावी असं माझं मत आहे. १७२३-२४ मध्ये बांधलेली ही विटांची मशीद पाच घुमटांची होती. त्यातले दोन १८९७ च्या भूकंपात कोसळले. चार कोपऱ्यांवरच्या मिनारांपैकी दोन उभे आहेत. अंगणाच्या चारही बाजूंना दुमजली खोल्यांची रांग आहे. कुराण शिकणारे आणि शिकवणारे इथे राहायचे. मशिदीला लागून बाजार होता. ‘कटरा’ हे नाव त्यावरूनच पडलं. संस्थापकाची कबर मात्र आत कुठेही दिसत नाही. ती आहे प्रवेशाच्या पायऱ्यांच्या खाली, एका लहानशा खोलीत. नमाजींच्या पायाची धूळ आपल्यावर पडावी, अशी त्याची इच्छा होती असं सांगतात. त्यामुळे मशिदीत जाणारा प्रत्येक जण नकळत त्याच्या कबरीवरून जातो. वाकून आत शिरायचं आणि फातिहा पढून यायचं.

आता ही मशीद पुरातत्व खात्याच्या ताब्यात आहे. बाग नीट राखलेली आहे, पण रोजची जमात होत नाही. इथे नमाज पढू द्यावी या मागणीवरून १९८८ साली जिल्ह्यात दंगल होऊन माणसं मेली होती. त्यामुळे मुलांनी ‘इथे अजान का होत नाही?’ असं विचारलं तर उत्तर तयार ठेवावं. जवळच तोपखान्यात ‘जहान कोशा’ ही तोफ आहे. १६३७ साली ढाक्यात जनार्दन कर्मकार या कारागिराने ती ओतली. लांबी साडेसतरा फूट, वजन सात टनांच्या आसपास. कारागिराचं नाव तोफेवर कोरलेलं राहिलं.

बर्गी म्हणजे कोण?

मराठा फौजेत ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार; ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळायचं तो बारगीर. या ‘बारगीर’चं बंगालीत ‘बर्गी’ झालं. बंगालमध्ये आजही लहान मुलांना झोपवताना जी अंगाई म्हणतात तिच्यात बर्गी येतात, आणि आता सारा कशातून भरायचा हा प्रश्न येतो. आपल्याकडे बागुलबुवा, तसा तिकडे बर्गी. तुम्ही महाराष्ट्रातून आलात हे कळल्यावर एखादा म्हातारा हसत हसत ‘बर्गीर देश’ म्हणालाच, तर रागवू नका. त्यामागे दहा वर्षांचा इतिहास आहे.

१७४२ मध्ये नागपूरच्या रघुजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर, म्हणजे भास्कर पंडित, घोडदळ घेऊन बंगालमध्ये शिरले. त्या वेळी नवाब होता अलीवर्दी खान. तो बाहेर असताना मे महिन्यात एक तुकडी मुर्शिदाबादवर चालून आली आणि सावकार जगतसेठची कोठी लुटली गेली. या तुकडीला वाट दाखवणारा मीर हबीब हा मूळचा शिराजचा मुसलमान सरदार होता. नवाबावर रागावून तो मराठ्यांना मिळाला होता. लुटला गेलेला जगतसेठ जैन होता. गावं सोडून पळालेल्या लोकांत ब्राह्मण होते, सोनार होते, शेख-सय्यद-पठाणही होते. हे लिहून ठेवलं गंगाराम नावाच्या एका बंगाली हिंदू कवीने, आणि त्याच्या काव्याचं नाव आहे ‘महाराष्ट्र पुराण’. या सगळ्या प्रकरणाला हिंदू-मुसलमान लढाईचा रंग देणाऱ्यांची पंचाईत होते ती इथेच.

नवाबाची बाजूही काही सोवळी नव्हती. मार्च १७४४ मध्ये अलीवर्दीने भास्कर पंडितांना बोलणीसाठी बहरमपूरजवळ मानकराच्या तंबूत बोलावलं आणि बरोबरच्या वीसेक सरदारांसह तिथेच कापून काढलं. मग रघुजी स्वतः आले. शेवटी १७५१ मध्ये तह झाला. नवाबाने दरसाल १२ लाख रुपये चौथाई द्यायची आणि ओडिशा व्यवहारात भोसल्यांकडे जायचा, असं ठरलं. या दहा वर्षांत खजिना रिकामा झाला आणि फौज थकली. सहा वर्षांनी प्लासीला जे घडलं, त्याचा विचार करताना हे विसरून चालत नाही.

नदीपलीकडे: खोशबाग

मुर्शिदाबादची खरी जियारत नदीच्या पश्चिम काठावर आहे. लालबागच्या सदरघाटावरून होडी मिळते. त्याच होडीत मोटारसायकली, दुधाचे कॅन आणि बकऱ्याही असतात. पाच-दहा मिनिटांत पलीकडे पोहोचता, आणि तिथून टोटोने खोशबाग.

अलीवर्दी खानाने लावलेली ही बाग. चारी बाजूंना भिंत, आत झाडी आणि सपाट छताची साधी चौकोनी इमारत. आत अलीवर्दीची कबर, शेजारी त्याचा लाडका नातू सिराजुद्दौला. संगमरवराचा भपका नाही, सोन्याचा मुलामा नाही. १७५६ च्या एप्रिलमध्ये आजोबा गेले आणि सिराज गादीवर बसला. २३ जून १७५७ ला प्लासी झाली, आणि २ जुलैला पकडून आणलेल्या सिराजला मीर जाफरचा मुलगा मीरन याच्या हुकमावरून मारण्यात आलं. वय जेमतेम चोवीस.

सिराजची बेगम लुत्फुन्निसा ढाक्याच्या नजरकैदेतून परत आली आणि उरलेलं आयुष्य तिने याच बागेत काढलं. रोज कबरीवर दिवा लावायचा, कुराण पढवून घ्यायचं. १७९० मध्ये ती गेली आणि नवऱ्याजवळच दफन झाली. तिला दुसऱ्या लग्नाचे पैगाम आले होते आणि तिने ते धुडकावले, असं इथले लोक फार आदराने सांगतात. लढाया आणि कारस्थानांच्या गर्दीत वर्षानुवर्षं एका बाईने सांभाळलेली ही कबर, मला विचाराल तर राजवाड्यापेक्षा मोठी आहे.

याच काठावर रोशनीबागेत मुर्शिद कुलीचा जावई नवाब शुजाउद्दीन दफन आहे. सिराजचा हिराझील महाल मात्र शोधायला जाऊ नका. तो बहुतेक नदीने खाल्ला.

मीर जाफर एकटाच का?

परत पूर्व काठावर आल्यावर जाफरगंज लागतं. इथल्या पडक्या दरवाजाला लोक सरळ ‘नमकहराम देवडी’ म्हणतात. मीर जाफरचा वाडा तो हाच. समोरच्या कब्रस्तानात त्याच्यासह त्याच्या खानदानाच्या हजाराच्या वर कबरी आहेत. बंगालीत ‘मीरजाफर’ ही शिवी आहे. त्याचे वंशज आजही याच गावात राहतात. हे लक्षात ठेवून तिथे तोंड सांभाळून बोलावं, कारण शेजारी उभा असलेला माणूस कोण असेल सांगता येत नाही.

मीर जाफरने दगा दिला यात वाद नाही. पण कटात जगतसेठ होते, राय दुर्लभ होते, अमीचंद होता, यार लुत्फ खान होता. जगतसेठांच्या घराचं आज तिकीट लावलेलं संग्रहालय आहे आणि पर्यटक तिथली नाणी कौतुकाने बघतात. शिवी मात्र एकाच्याच वाट्याला आली. गाईड हा भाग सहसा सांगत नाहीत. मुलांना तुम्ही सांगा.

राजवाडा आणि इमामबाडा

हजारदुआरी ही सिराजच्या काळातली वास्तू नाही. १८२९ ते १८३७ दरम्यान नवाब नाझिम हुमायूं जाह याच्यासाठी डंकन मॅक्लिऑड या इंग्रज फौजेतल्या अधिकाऱ्याने ती बांधली. तोवर नवाबाकडे पेन्शन होतं, राज्य नव्हतं. हजार दरवाजांपैकी शंभरेक खोटे, म्हणजे भिंतीवर नुसता देखावा. त्या काळच्या नवाबीचं याहून चांगलं चित्र मिळणार नाही. आतलं संग्रहालय बघण्यासारखं आहे: हत्यारं, झुंबर, हस्तलिखितं. ते शुक्रवारी बंद असतं, त्यामुळे दिवस ठरवताना हे आधी बघा.

राजवाड्यासमोर निजामत इमामबाडा. सिराजचा लाकडी इमामबाडा आगीत गेला, म्हणून १८४७ मध्ये नवाब मन्सूर अली खान याने हा पांढरा, ६८० फूट लांबीचा इमामबाडा बांधला. मीर जाफरचं घराणं शिया होतं. मोहर्रमच्या पहिल्या दहा दिवसांत हा सगळ्यांसाठी उघडतो. एरवी बाहेरूनच बघावा लागतो. मधल्या पटांगणात सिराजने बांधलेली छोटी ‘मदिना’ वास्तू उरली आहे. शुक्रवारच्या नमाजीसाठी जवळची चौक मशीद आहे. मीर जाफरची बेगम मुन्नी बेगम हिने ती १७६७ मध्ये बांधली.

१७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने खजिना कोलकात्याला हलवला आणि गाव ओसरत गेलं. १९४७ मध्ये त्याच्या नशिबात आणखी एक विचित्र वळण आलं. मुस्लिम बहुसंख्या असल्यामुळे जिल्हा पूर्व पाकिस्तानात जाणार असं धरून इथे तीन दिवस पाकिस्तानचा झेंडा फडकत होता. १७ ऑगस्टला रॅडक्लिफचा निवाडा जाहीर झाला. मुर्शिदाबाद भारतात आलं आणि खुलना तिकडे गेलं. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात ६६ टक्के मुसलमान आहेत. म्हणजे हलाल जेवणाची चिंता नाही, पण मराठी कुटुंबाला मोहरीच्या तेलाची सवय करून घ्यावी लागते.

कसं जायचं

मुंबई किंवा नागपूरहून हावडा मेल किंवा गीतांजलीने हावडा. तिथून सियालदहला जाऊन लालगोला मार्गाची गाडी पकडायची. भागीरथी एक्सप्रेस तिथूनच सुटते, तर हजारदुआरी एक्सप्रेस कोलकाता स्टेशनवरून. मुर्शिदाबाद स्टेशनपर्यंत चार-पाच तास लागतात. मोठी हॉटेलं हवी असतील तर बारा किलोमीटरवरच्या बहरमपूरला उतरा. दोन दिवस पुरतात: एक पूर्व काठासाठी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खोशबाग. टोटोवाल्याशी पूर्ण दिवसाचं भाडं आधीच ठरवा. हिंदी-उर्दू सगळीकडे चालते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली असते. जूनमध्ये उकाडा जीव घेतो, पण कोहितूर आंबा तेव्हाच मिळतो. तो इतका नाजूक की नवाबांच्या काळात कापसात गुंडाळून ठेवत आणि बांबूच्या सुरीने कापत. खरेदी करायची तर मुर्शिदाबादी रेशीम. बालुचरी साडीचं मूळ गावही शेजारच्या जियागंजचं बालुचर हेच, जरी आज ती बिष्णुपूरला विणली जाते. आणि भाद्र महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी आलात, तर बेरा बघायला मिळेल. ख्वाजा खिज्र यांच्या नावाने केळीच्या खोडांचा तराफा दिव्यांनी सजवून रात्री भागीरथीत सोडतात. हिंदू-मुसलमान दोघेही काठावर गर्दी करतात, म्हणून त्या दिवशीची खोली महिनाभर आधी घ्यावी.