वेष्टन चढवणे आणि उतरवणे

संगणकाला काम सांगण्याच्या ज्या भाषा आहेत, त्यांत लिस्प ही फार जुन्यांपैकी एक. जॉन मॅकार्थी यांनी अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत १९५८ साली तिचा आरंभ केला. या भाषेत एकेक काम पार पाडणाऱ्या घटकाला ‘फंक्शन’ म्हणतात.

आता समजा, चालू फंक्शनवर नजर ठेवायची आहे, पण त्याच्या मजकुराला हात लावायचा नाही. काय कराल? वॉरन टाइटलमन यांनी १९६६ साली एम. आय. टी.तच आपल्या प्रबंधात तोड सुचवली: फंक्शनला बाहेरून ‘सल्ला’ द्यावा. आत शिरताना हे कर, बाहेर पडताना ते कर. वहीला वेष्टन घालतात ना, तसंच. पुढे इंटरलिस्पमध्ये असा सल्ला देण्याची आज्ञा होती, तशी तो काढून घेण्याचीही होती. मला तर ही दुसरीच अधिक मोलाची वाटते. वेष्टन काय, कोणीही चढवील!

मग आली जेनेरिक फंक्शन्स. ‘क्षेत्रफळ’ हे नाव एकच. समोर वर्तुळ आलं तर एक रीत, चौकोन आला तर दुसरी. आणि नव्या रीतींची भर मागाहून केव्हाही घालता येते. कॉमन लिस्पमधल्या या व्यवस्थेला ‘क्लॉस’ म्हणतात. तिचा आराखडा १९८८ मध्ये मान्य झाला आणि १९९४ च्या अमेरिकन प्रमाणात ती समाविष्ट झाली.

घोटाळा झाला तो इथे. जुनी युक्ती अशी होती की, नावापाशी असलेलं फंक्शन बाजूला काढायचं, तिथे वेष्टन ठेवायचं, आणि वेष्टनाने मूळ फंक्शनला हाक मारायची. साध्या फंक्शनला हे पुरतं. पण मधल्या वेळात कुणी त्रिकोणाची रीत आणली तर? लिस्प त्या नावापाशी जाते, तर तिथे जेनेरिक फंक्शन नाहीच, नुसतं वेष्टन! भर घालायची कशात? प्रमाणाप्रमाणे ती चूक दाखवून थांबते. चालू यंत्रणेत हा खोळंबा परवडत नाही.

क्लॉसमध्ये ‘अराउंड’ नावाची भोवती फिरणारी रीत आहे खरी. पण त्याच प्रकारच्या वस्तूंसाठी कुणाची अराउंड रीत आधीच असेल, तर आपली तिला हुसकावून लावते.

स्टील बँक कॉमन लिस्पने वेगळी वाट धरली. फंक्शन आपल्या जागी तसंच राहतं. वेष्टन चढतं ते आतल्या, रीत निवडणाऱ्या भागावर. नवी रीत आली की तो भाग पुन्हा घडवला जातो आणि त्यावर वेष्टनही पुन्हा बसतं. ‘ट्रेस’ म्हटलं की ते चढतं, ‘अनट्रेस’ म्हटलं की उतरतं, आणि दरम्यान आलेली त्रिकोणाची रीत आत शाबूत असते.