हाक आणि ओ

दूरच्या माणसाची खबर घेण्याचें सर्वांत जुनें साधन म्हणजे हाक. काळोख्या रात्रीं तटावर पहारा करणारे शिपाई ठराविक वेळानें एकमेकांस साद घालीत. पलीकडून साद आली म्हणजे तेथील गडी जागा आहे असें समजावयाचें; न आली म्हणजे मशाल घेऊन पाहावयास जावयाचें. शाळेंतील हजेरी याच जातीची. 'हजर' या शब्दांत बातमी अशी कांहींच नसते. विचारणारा 'आहेस ना?' एवढेंच विचारतो आणि उत्तर देणारा 'आहें' एवढेंच सांगतो. परंतु या एवढ्याशा देवघेवीवर फार मोठे व्यवहार उभे राहतात. सर्व पृथ्वीला वेढून राहिलेल्या संगणकांच्या जाळ्याच्या पायाशींहि अशीच एक हाक आणि अशीच एक ओ आहे. त्या हाकेचें नांव 'पिंग'. तिचा इतिहास उण्यापुऱ्या ४० वर्षांचा. पण तो बोधप्रद आहे.

या जाळ्याचा प्रारंभ अमेरिकेंत झाला. ता. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्रीं लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संगणकावरून मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकाशीं प्रथमच संधान बांधण्यांत आलें. चार्ली क्लाइन नांवाचा विद्यार्थी 'लॉगिन' या शब्दाचीं इंग्रजी अक्षरें एकेक करून पाठवीत होता. 'एल' पोंचलें, 'ओ' पोंचलें, आणि तेवढ्यांत पलीकडचा संगणक बंद पडला. सुमारें एका तासानें दुसरा प्रयत्न यशस्वी झाला. यांतील मौजेची गोष्ट अशी कीं, अक्षर पोंचलें किंवा नाहीं हें जाणण्यासाठीं दोन्हीं ठिकाणचीं माणसें टेलिफोनवरून एकमेकांस विचारीत होतीं. नवा रस्ता खुला आहे कीं नाहीं, हें जुन्या रस्त्यानें जाऊन पाहावयाचें, असा तो प्रकार होता. दोन यंत्रें असतां हें ठीक होतें. पण यंत्रें शेंकड्यांनीं वाढल्यावर प्रत्येक शंकेसाठीं टेलिफोन उचलणें अशक्यच होतें.

येथें या जाळ्याची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. पाठवावयाचा मजकूर अखंड जात नाहीं. त्याचे लहान लहान तुकडे करून प्रत्येक तुकडा निरनिराळ्या पाकिटांत घालतात, आणि प्रत्येक पाकिटावर पाठविणाराचा व घेणाराचा पत्ता लिहितात. वाटेंत ठिकठिकाणीं राउटर नांवाचीं यंत्रें असतात. तीं पत्ता वाचून पाकीट पुढच्या टप्प्याकडे ढकलतात. टपालाची व्यवस्था अशीच असते हें खरें. पण एक मोठा भेद आहे. टपालखात्यास पोस्टमास्तर जनरल असतो, या जाळ्यास नाहीं. कोणतें पाकीट कोठें गहाळ झालें याची नोंद ठेवणारी मध्यवर्ती कचेरी येथें नाहीं. ता. १ जानेवारी १९८३ रोजीं आर्पानेट हें मूळचें जाळें टीसीपी-आयपी या नव्या नियमावलीवर आलें आणि त्यानंतर भिन्न भिन्न संस्थांचीं जाळीं एकमेकांस जोडलीं जाऊं लागलीं. मालक अनेक, मार्ग अनेक, आणि देखरेख करणारा मात्र कोणीच नाहीं, अशा राज्याची प्रकृति ठीक आहे कीं नाहीं हें कोणी व कसें ओळखावें?

या प्रश्नाचें उत्तर नियमावलींतच पेरून ठेविलेलें होतें. सप्टेंबर १९८१ मध्यें जॉन पोस्टेल यांच्या संपादकत्वाखालीं या जाळ्याचीं मुख्य नियमपत्रकें प्रसिद्ध झालीं. त्यांतील एका पत्रकांत पडसादाची योजना होती. एका यंत्रानें दुसऱ्यास 'पडसाद दे' असें सांगणारें पाकीट पाठवावें, आणि दुसऱ्यानें त्यांतील मजकूर जसाच्या तसा परत करावा. त्यांत कांहीं भर घालावयाची नाहीं, कांहीं गाळावयाचें नाहीं. नियम असा कागदावर होता. परंतु सामान्य कामगाराच्या हातीं त्याचें हत्यार अजून आलें नव्हतें.

तें हत्यार एका रात्रींत घडलें. माइक म्यूस नांवाचा २५ वर्षांचा तरुण मेरिलंड प्रांतांतील अ‍ॅबर्डीन येथें अमेरिकन लष्कराच्या क्षेपणशास्त्राच्या प्रयोगशाळेंत काम करीत असे. तोफगोळ्यांच्या मार्गांचें गणित करण्यासाठीं बांधलेला सुप्रसिद्ध 'एनिॲक' संगणक १९४७ सालीं याच प्रयोगशाळेंत येऊन बसला होता. जुलै १९८३ मध्यें नॉर्वे देशांत भरलेल्या एका बैठकीच्या निमित्तानें डेव्हिड मिल्स यांनीं म्यूस यांच्याजवळ सहज उद्गार काढले होते कीं, पडसादाच्या पाकिटांस लागणारा वेळ मोजून आपण वाटेचा विलंब अजमावला. डिसेंबरांत अ‍ॅबर्डीनचें जाळें विचित्र वागूं लागलें, तेव्हां म्यूस यांस त्या बोलण्याची आठवण झाली. त्यांनीं भराभर कार्यक्रम लिहून काढला. पण तो चालेना, कारण संगणकाच्या मूळ प्रणालींतच तशी सोय नव्हती. तेव्हां चिडून त्यांनीं तीहि सोय स्वतःच लिहिली, आणि सूर्योदयापूर्वीं सर्व कांहीं सिद्ध केलें. गंमत अशी कीं, त्यांची पहिली हाक निघण्यापूर्वींच त्यांच्या एका सहकाऱ्यानें बिघडलेलें यंत्र शोधून दुरुस्तहि करून टाकलें होतें! ज्या दुखण्यासाठीं औषध तयार झालें, त्या दुखण्यास तें लागलेंच नाहीं. जगाच्या इतर दुखण्यांस मात्र तें पुरून उरलें.

'पिंग' हें नांव म्यूस यांनीं पाणबुडीच्या शोधयंत्रावरून घेतलें. समुद्रांत ध्वनीची एक लहर सोडावयाची आणि ती आपटून परत येण्यास किती वेळ लागला यावरून पलीकडच्या वस्तूचें अंतर ओळखावयाचें, हें त्या यंत्राचें तत्त्व. त्या लहरीचा जो टणत्कार ऐकूं येतो, तोच या शब्दांत आहे. कार्यक्रम त्यांनीं बर्कली येथील विद्यापीठास मोफत देऊन टाकला. तेथून तो युनिक्स प्रणालीबरोबर सर्वत्र पसरला, आणि आज विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्ही घराण्यांच्या संगणकांत तो सांपडतो.

याची वापरण्याची रीति अगदीं सोपी आहे. संगणकाच्या पडद्यावर चित्रांवांचून केवळ अक्षरांची एक खिडकी उघडतां येते. तींत 'पिंग' हा शब्द आणि त्यापुढें ज्याची विचारपूस करावयाची त्या यंत्राचा पत्ता लिहिला कीं, सामान्यतः दर सेकंदास एक याप्रमाणें हाका सुटूं लागतात. प्रत्येक हाकेस अनुक्रमांक असतो. ओ आली कीं एक ओळ उमटते, आणि जाऊन येण्यास किती सहस्रांश सेकंद लागले तें तींत लिहिलेलें असतें. शेवटीं किती हाका गेल्या, किती परत आल्या, शेंकडा किती गहाळ झाल्या, याचा हिशेब मिळतो. यांतील खुबी अशी कीं, निघण्याची वेळ पाठविणाराच पाकिटांत लिहून ठेवतो आणि तीच जशीच्या तशी परत येते. त्यामुळें दोन्हीं यंत्रांचीं घड्याळें जुळलेलीं नसलीं तरी चालतें. निसर्गाची मर्यादाहि यांत स्पष्ट दिसते. मुंबई ते न्यूयॉर्क हें सरळ अंतर सुमारें १२,५०० किलोमीटर. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें २ लक्ष किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन येण्यास निदान १२५ सहस्रांश सेकंद लागणारच. तारा सरळ रेषेनें जात नसल्यामुळें प्रत्यक्षांत याहून अधिकच लागतात. याच्या आंत ओ मिळवून देणारा कारागीर जन्मास यावयाचा नाहीं.

पिंगला दोन भावंडें आहेत. पहिलें 'नेटस्टॅट', तें बर्कलीच्या १९८३ सालच्या प्रणालींतच आलें होतें. पिंग बाहेर हाक मारतें, तर नेटस्टॅट घरची वही उघडून दाखवितें: आपल्या यंत्राचें या घटकेस कोणाकोणाशीं संधान आहे, किती पाकिटें आलीं, किती गेलीं, किती खराब निघालीं. दुसरें भावंड 'ट्रेसरूट'. त्याच्या जन्माच्या काळीं या जाळ्यावर मोठें संकट येऊन गेलें होतें. ऑक्टोबर १९८६ मध्यें लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व बर्कलीचें विद्यापीठ या अवघ्या ४०० यार्डांवरील दोन ठिकाणांमधील वाहतूक सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आली! प्रत्येक यंत्र न पोंचलेलीं पाकिटें पुनःपुन्हां पाठवीत होतें, आणि त्यामुळेंच गर्दी वाढत होती. व्हॅन जेकबसन यांनीं माइक कॅरल्स यांच्या साह्यानें या रोगाचें निदान केलें आणि गर्दी दिसतांच आपली चाल आवरती घेण्याचे जे नियम सुचविले, ते १९८८ सालीं प्रसिद्ध झाले. याच जेकबसन यांनीं स्टीव्ह डीअरिंग यांच्या सूचनेवरून ट्रेसरूट रचलें. प्रत्येक पाकिटावर आयुष्याचा एक आंकडा असतो. दर टप्प्यास तो १ नें कमी होतो, आणि शून्य झाला कीं तो टप्पा पाकीट फेंकून देऊन पाठविणाऱ्यास तसें कळवितो. तेव्हां मुद्दाम १ आयुष्याचें पाकीट पाठविलें तर पहिल्या टप्प्याचा पत्ता कळतो, २ आयुष्याचें पाठविलें तर दुसऱ्याचा. मेलेल्या पाकिटांच्या खबरींवरून जिवंत वाटेचा नकाशा काढण्याची ही युक्ति खरोखर चतुर आहे.

म्यूस यांनीं नमूद केलेली एक हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. एका इमारतींत तारेचा जोड कोठें तरी ढिला होता. संबंध मधूनच तुटे, मधूनच जुळे. एकानें पिंगचें उत्तर आलें कीं संगणकानें तो शब्द मोठ्यानें उच्चारावा अशी योजना केली, आवाज पूर्ण वाढविला आणि खोल्याखोल्यांतून जोड हलवीत तो हिंडूं लागला. आवाज थांबला तो जोड सदोष! पहारेकऱ्यांच्या सादेचेंच हें नवें रूप नव्हे काय?

ऑक्टोबर १९८९ मध्यें या सादेस धर्माचें स्वरूप आलें. त्या महिन्यांत प्रसिद्ध झालेल्या नियमपत्रकानें असें बंधन घातलें कीं, जाळ्यावरील प्रत्येक यंत्रांत पडसाद देण्याची सोय असलीच पाहिजे. हाक मारणारा कोण, कोठला, त्याचा हेतु काय, याची चौकशी नाहीं; हाक आली कीं ओ द्यावी. ज्या राज्यास राजा नाहीं, तें राज्य अशाच शेजारधर्मावर चालतें.

परंतु जेथें दार उघडें असतें, तेथें चोरहि येतो. १९९६ च्या सुमारास असें आढळलें कीं, ६५,५३५ बाइटांच्या मर्यादेहून मोठें पिंगचें पाकीट तुकड्यातुकड्यांनीं पाठविलें असतां अनेक यंत्रें कोसळून पडतात. त्यानंतर लवकरच दुसरी युक्ति निघाली. हल्लेखोर खोट्या नांवानें, म्हणजे ज्याचा घात करावयाचा त्याच्या नांवानें, एका संपूर्ण जाळ्यास एकदम हाक मारी. शेंकडों यंत्रें नियमाप्रमाणें ओ देत, आणि त्या ओंच्या भडिमाराखालीं तो निरपराध गुदमरून जाई. एखाद्याचें नांव सांगून साऱ्या चाळीस निमंत्रण द्यावें आणि त्याच्या दारीं गर्दी लोटावी, तसाच हा प्रकार. जानेवारी १९९८ मध्यें याविषयीं जाहीर इशारा द्यावा लागला. ऑगस्ट १९९९ च्या नव्या नियमानें समुदायास एकदम मारलेली हाक राउटरांनीं पुढें जाऊं देऊं नये असें ठरलें. हा उपाय नेमका होता. त्यानें रोग हटला आणि एकट्यादुकट्यानें हाक मारण्याचा मार्ग मोकळा राहिला. परंतु पुष्कळांनीं तेवढ्यावर भागविलें नाहीं. ऑगस्ट २००३ मध्यें वेल्चिया नांवाच्या कीटकानें पिंगच्या लाटा उसळविल्या, तेव्हां अनेक संस्थांनीं पिंगला सरसकट दार लावून घेतलें, आणि कित्येकांनीं तें पुन्हां उघडलेंच नाहीं.

याचा परिणाम असा झाला कीं, आतां मौनाचा अर्थ लागेनासा झाला. पूर्वीं ओ आली नाहीं तर यंत्र बंद आहे किंवा वाट मोडली आहे असें बहुतांशीं खात्रीनें म्हणतां येई. आज ओ न देणारें यंत्र मृत असेल, दूर असेल किंवा केवळ गप्प बसलेलें असेल. आलेली ओ हा पुरावा आहे. न आलेली ओ हा पुरावा नव्हे. जाळ्याची परीक्षा करणाऱ्या नवशिक्यानें हा धडा पहिल्याच दिवशीं गिरविला पाहिजे.

अशी परीक्षा करण्याचे प्रसंग आपल्याकडेहि आले आहेत. हिंदुस्थानांत संशोधन संस्थांचें 'अर्नेट' हें जाळें १९८६ च्या सुमारास उभारण्यास आरंभ झाला, व त्यांत मुंबईच्या दोन संस्थांचा प्रमुख भाग होता. सामान्य नागरिकांसाठीं इंटरनेट ता. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं खुलें झालें. पुढें ता. ३० जानेवारी २००८ रोजीं ईजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळाच्या दोन तारा तुटल्या आणि येथील व्यवहार एकाएकीं मंदावले. अशा वेळीं यंत्रें बंद पडलेलीं नसतात. पश्चिमेची वाट तुटलेली असते, आणि पाकिटें पूर्वेच्या लांब वाटेनें पृथ्वीला वळसा घालून जाऊं लागतात. पिंगचे वाढलेले सहस्रांश आणि ट्रेसरूटनें दाखविलेले अनोळखी टप्पे हेंच तेव्हां अभियंत्याचें नाडीज्ञान असतें.

माइक म्यूस यांचें ता. २० नोव्हेंबर २००० रोजीं मोटारच्या अपघातांत निधन झालें. तेव्हां त्यांचें वय ४२ वर्षांचें होतें. त्यांनीं आयुष्यांत याहून कितीतरी मोठीं व कठीण कामें केलीं. पण जगानें त्यांना ओळखलें तें या एका रात्रीच्या कामावरून. आपलें नांव याच कामानें होणार हें आधीं कळलें असतें तर आणखी एकदोन दिवस त्यावर घालविले असते, असें ते विनोदानें म्हणत. हा कार्यक्रम टिकला याचें श्रेय त्यांच्या बुद्धीस आहेच. पण तितकेंच श्रेय त्या असंख्य अनोळखी यंत्रांस व त्यांच्या चालकांसहि आहे, जीं परक्याच्या हाकेस आजहि निमूटपणें ओ देतात. हें जाळें केवळ तारांनीं जोडलेलें नाहीं. चोराच्या भीतीनें प्रत्येकानें आपलें दार कायमचें लावून घेतलें, तर तारा शाबूत राहतील; पण शेजारी जागा आहे कीं नाहीं, हें मात्र कोणासच कळणार नाहीं.