साष्टीचे कोट आणि मराठ्यांची घोडदौड (१७३७–३९)

वांद्र्यापासून अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड आणि पुढे ठाण्यापर्यंतचे साष्टी बेट अठराव्या शतकात पोर्तुगीजांकडे होते. बेटाला चहूकडून पाणी, आणि पोर्तुगीजांची भिस्त त्या पाण्यावर व काठावरच्या कोटांवर. दक्षिण टोकाला १६४० चा वांद्र्याचा कोट, वेसाव्याच्या खाडीच्या मुखाशी मढचा (वेसाव्याचा) किल्ला, उत्तरेला खाडीपलीकडे वसई. कोट पुष्कळ, शिबंदी मात्र अपुरी. ठाण्याच्या किल्ल्याचे काम तर अर्धवटच होते.

मार्च १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने नेमका तोच दुबळा भाग गाठला. मराठे खाडी उतरून ठाण्यात शिरले आणि थोड्याच दिवसांत बेटातली बहुतेक गावे त्यांच्या हाती गेली. भातशेती आणि महसूल गेल्यावर किनाऱ्यावरचे कोट कोणाचे रक्षण करणार, हा प्रश्न उरला.

पण घोडदळालाही मर्यादा होती. वेसावे आणि वांद्रे १७३७ मध्ये पडले नाहीत, कारण तटापुढे घोडा निरुपयोगी आणि समुद्रातून रसद चालूच. वेसावे १७३९ च्या सुरुवातीला घेतले गेले. वांद्र्याची गोष्ट जरा गमतीची आहे. माहीमच्या खाडीपलीकडून मराठ्यांच्या तोफा मुंबईवर रोखल्या जातील, या धास्तीने इंग्रजांनी पोर्तुगीजांना तो कोट पाडायला लावला. राखता न येणारा किल्ला शत्रूच्याच उपयोगी पडतो, हे इंग्रजांना उमगले होते.

वसईच्या वेढ्यात चपळाईचा उपयोग दूर गोव्यात झाला. जानेवारी १७३९ मध्ये मराठ्यांचे सरदार व्यंकटराव घोरपडे गोव्याच्या साष्टीत (तिथेही एक साष्टी आहेच) घुसले. त्यामुळे गोव्याला स्वतःचाच बचाव करणे भाग पडले आणि वसईला पुरेशी कुमक मिळाली नाही. खुद्द वसईच्या तटाखाली मात्र मराठ्यांना मोर्चे बांधून, सुरुंग खणून, माणसे गमावत झुंजावे लागले. मे महिन्यात सुरुंगांनी सेबॅस्टियन बुरूज फुटला आणि १६ मे रोजी शरणागतीचा करार झाला. मुलूख घोड्यांनी घेतला, किल्ला कुदळींनी. एकाच्याच पदरी यश घालणे चुकीचे ठरेल.

जिंकलेले ठाणे मराठ्यांनाही तटाच्या भरवशावर राखता आले नाही. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी तोफा डागून तो किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडेच राहिली. ठाण्याच्या त्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे.