वऱ्हाडातील घरे आणि त्यांतील जुनी ठेव

जुबिलीचा उत्सव आला म्हणजे इतिहास लिहून ठेवावा अशी इच्छा सर्वांस होते, आणि ती योग्यच आहे. परंतु असा इतिहास बहुधा ख्रिस्तमंदिराच्या कोनशिलेपासून आरंभ होतो आणि घंटेपाशी येऊन थांबतो. कोणते फादर केव्हा आले, शाळा कधी निघाली, छप्पर कोणत्या साली बदलले, हे सर्व त्यात असते. ज्या घरांतून माणसे मिस्सासाठी चालत आली, त्या घरांत काय होते व कोणाच्या हातांनी ती घरे उभी राहिली, याविषयी मात्र त्यात एक ओळही सापडत नाही. ही उणीव भरून काढण्याचे साधन अद्याप आपल्याच घरांत आहे, हे वाचक बंधुभगिनींच्या ध्यानी आणून देणे एवढाच या लेखाचा हेतू होय.

जुबिली या शब्दाच्या मुळाशी जाता हे औचित्य अधिकच स्पष्ट होते. जुन्या करारातील लेवीय ग्रंथाच्या 25 व्या अध्यायात पन्नासावे वर्ष पवित्र मानण्याची आज्ञा आहे. त्या वर्षी शिंग फुंकावे, देशभर मुक्ततेची घोषणा करावी, आणि प्रत्येकाने आपल्या वतनास व आपल्या कुळास परत जावे, असा तो नेम. म्हणजे जुबिली हा केवळ मिरवणुकीचा दिवस नव्हे, तर घरी परतण्याचा दिवस होय.

आपल्या प्रांतातील धर्मसभेचा बाह्य इतिहास थोडक्यात असा. फ्रान्समधील आनसी गावच्या संत फ्रान्सिस डी सेल्स संघाचे मिशनरी विशाखापट्टणच्या मिशनकार्यासाठी हिंदुस्थानात आले. पुढे 1887 मध्ये नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला. त्यातून 1955 साली अमरावतीचा स्वतंत्र धर्मप्रांत निघाला व अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ हा सारा वऱ्हाड त्यात आला. या इतिहासाची साधने म्हणजे पत्रव्यवहार आणि दप्तर. बाप्तिस्मा व विवाह यांची नोंद प्रत्येक धर्मग्रामात ठेवली पाहिजे, असा ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 मध्ये निर्बंध घातला, आणि त्यामुळेच आज आपणांस पणजोबांचे नाव शोधता येते. परंतु त्या नोंदीत नाव असते, तारीख असते, आईबाप व धर्ममातापिता असतात. त्या बाईने आयुष्यभर काय केले, ते तेथे लिहिण्याची रीत नाही.

ते लिहिलेले आढळते दुसऱ्याच ठिकाणी. घरातील पितळी हंडा किंवा तांब्याचे घंगाळ एकदा उजेडात आणून चिंचेने घासून पाहावे. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरे दिसू लागतात: देणाऱ्याचे नाव, गाव, कधी लग्नाची तारीख. लेकीला आंदण द्यावयाचे भांडे कासाराकडून घेतले की त्यावर नाव घालून घेण्याची आपली जुनी चाल. बाप्तिस्म्याच्या वहीत जी बाई ‘अमक्याची पत्नी’ एवढीच उरते, तिच्या माहेरचे गाव त्या हंड्यावर शाबूत असते. भांड्याला किती वेळा कल्हई झाली, बुडाला ठिगळ कोठे लागले, हेही जाणत्या नजरेस वाचता येते. म्हणून हंडा ही घरातली नोंदवहीच समजावी. आज तोच हंडा स्टीलच्या डब्यांच्या बदल्यात मोडीच्या भावाने वजनावर जातो, आणि भट्टीत सर्वप्रथम वितळते ते नाव.

जात्याची कथा याहून निराळी नाही. ज्वारीचे पीठ फार दिवस टिकत नाही. म्हणून भाकरीच्या मुलखात दळण हे नित्याचे काम, आणि तेही पहाटेचे. दोन तळ्या, मधली खीळ व हाती धरावयाचा खुंटा, इतकेच ते यंत्र. दगड गुळगुळीत झाला की पाथरवटाकडून टाकी लावून घ्यावी लागे. मोशेच्या नियमशास्त्रात, अनुवादाच्या 24 व्या अध्यायात, कोणी कोणाचे जाते किंवा जात्याची वरची तळी गहाण ठेवून घेऊ नये, असे बजावले आहे. कारण तसे करणे म्हणजे माणसाचा जीवच गहाण ठेवून घेणे. सावकाराच्या दारी शेतीपासून भांड्यापर्यंत सर्व काही गहाण पडलेले ज्या वऱ्हाडाने पाहिले, आणि 1899–1900 चा दुष्काळ ज्याने सोसला, त्या वऱ्हाडास या आज्ञेचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पिठाच्या गिरण्या आल्या आणि बायकांचे कष्ट हलके झाले. ते इष्टच झाले. त्याबद्दल हळहळ करणे म्हणजे दुसऱ्याच्या श्रमावर आपली हौस भागविणे होय. परंतु जात्याबरोबर ओवीही थांबली. हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन पुण्यास स्थायिक झालेले समाजशास्त्रज्ञ गी पॉइटेव्हिन यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. ज्या बायकांना लिहिता येत नव्हते, त्यांचे मन त्यामुळे कागदावर उतरले. थोडी वर्षे अधिक लोटली असती तर त्यांतील कितीतरी ओव्या गाणाऱ्यांबरोबरच गेल्या असत्या.

आता कापसाकडे वळू, कारण वऱ्हाड म्हणजे कापूस. 1853 साली हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात कापसास सोन्याचा भाव आला. पाठोपाठ आगगाडी आली, आणि 1870 मध्ये लॉर्ड मेयो यांनी खामगावचा फाटा उघडला. वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरला जाऊ लागला व तेथील कापड वऱ्हाडात येऊ लागले. 1877 पासून नागपूरची एम्प्रेस मिलही चालू झाली. हातचरकीवर सरकी काढणारी, टकळीवर सूत कातणारी माणसे या घडामोडीत हळूहळू निकामी झाली. अकोटच्या सतरंज्यांसारखे काही काम मागे उरले, ते त्यातल्या त्यात भाग्यवान.

मात्र एक कला कोणत्याही गिरणीस हिरावून घेता आली नाही, ती म्हणजे गोधडी. तिला बाजार नव्हता, म्हणूनच ती वाचली. जुनी लुगडी व धोतरे एकावर एक अंथरावी, कडेपासून आत आत धावदोरा घालीत जावे, विरलेल्या जागी ठिगळ जोडावे. दुपारची कामे आटोपल्यावर दोघीतिघी शेजारणी बसल्या की काही दिवसांत गोधडी पुरी होई. तीत आजीचे लग्नाचे लुगडे असते, आजोबांचे धोतर असते, मुलाचे झबले असते. थंडीच्या रात्री नातवंड त्या सर्वांच्या उबेत निजते. याच अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी 1876 साली जन्मलेल्या गाडगेमहाराजांनी चिंध्यांचे वस्त्र, मातीचे गाडगे व खराटा हीच आपली संपत्ती मानली. गरिबाच्या घरातील वस्तूंना त्यांनी जो मान मिळवून दिला, तो पाहता आपण आपल्या गोधडीची लाज बाळगण्याचे कारण उरत नाही.

ख्रिस्ती घराची अशी खास ठेव म्हणजे कोनाडा. त्यात क्रूस, आईची झिजलेली जपमाळ, 2 फेब्रुवारीच्या सणाची आशीर्वादित मेणबत्ती आणि झावळ्यांच्या रविवारची वाळलेली झावळी. हीच झावळी पुढील वर्षी जाळून तिची राख राखेच्या बुधवारी कपाळी लागते. नाताळात तुराट्या, कडबा व शाडूची माती घेऊन मुलांनी गव्हाणी करावी. बांबूच्या कामट्यांवर पतंगी कागद चिकटवून तारा उंच टांगावा. संत फ्रान्सिस यांनी 1223 मध्ये ग्रेच्चो गावी पहिली गव्हाणी मांडली, ती खऱ्या बैलाची, गाढवाची व गवताची होती. कडब्याची गव्हाणी त्या मूळ गव्हाणीस विकतच्या चकचकीत गव्हाणीपेक्षा निश्चितच अधिक जवळची आहे.

घराने जपले म्हणून धर्मसभेला लाभले, याचे मोठे उदाहरण आपल्याच भाषेत आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात 1616 मध्ये छापले गेले. 1649 व 1654 मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. त्या छापील प्रतींपैकी आज एकही उपलब्ध नाही. तरीही सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ नाहीसा झाला नाही. कारण भाविकांनी तो हाताने उतरून घेतला व जपला. अशा हस्तलिखितांवरूनच 1907 साली मंगळूर येथे तो पुन्हा छापता आला. छापखान्याने जे राखले नाही, ते हातांनी राखले.

शुभवर्तमानातील दाखलेही घरातलेच आहेत: हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई, पिठात कालविलेले खमीर, जुन्या वस्त्राला लावलेले ठिगळ. प्रेषितांच्या कृत्यांच्या 9 व्या अध्यायात तर याहून हृदयस्पर्शी प्रसंग आहे. याफो येथे दुर्कस ही शिष्या मरण पावली, तेव्हा तेथील विधवा पेत्रापुढे रडत उभ्या राहिल्या आणि दुर्कस त्यांच्यात असता तिने शिवलेली वस्त्रे त्यांनी त्यास दाखविली. त्यांनी तिची थोरवी वर्णिली नाही. फक्त शिवण पुढे धरली. साध्या बाईचे चरित्र सांगण्याची याहून खरी रीत क्वचितच आढळेल.

तेव्हा या जुबिलीच्या वर्षी प्रत्येक कुटुंबाने एक वस्तू निवडावी: हंडा, जाते, गोधडी, जपमाळ, काहीही. ती कोणाची, कोठून आली, कोणी वापरली, तिच्या प्रत्येक भागास काय म्हणतात, हे घरातील वडील मंडळींस विचारून कागदावर उतरावे, आणि त्या कागदाची एक प्रत धर्मग्रामाच्या दप्तरात, बाप्तिस्म्याच्या वह्यांशेजारी ठेवावी. विकावयाची वेळ आलीच तर निदान भांड्यावरचे नाव आधी उतरून घ्यावे. हे काम पुढील जुबिलीवर टाकण्यासारखे नाही. वस्तू कदाचित तोवर राहतील, पण त्यांची नावे सांगणाऱ्या आज्या राहणार नाहीत. नाझरेथच्या सुताराच्या घरात जो वाढला, तो प्रभू आपल्या घरांवर व त्यांत राबलेल्या सर्व हातांवर कृपा करो.