लघु वाफइंजिने

आगगाडीच्या इंजिनाचे लहान मापात केलेले, पण खऱ्या वाफेवर चालणारे रूप. बॉयलरमध्ये पाणी उकळते, वाफ सिलिंडरात शिरून दट्ट्या ढकलते, आणि वापरलेली वाफ धुराड्यातून बाहेर पडताना भट्टीतून हवा ओढून आग फुलवते. मोठ्या इंजिनात जे घडते, ते सगळे इथेही घडते. अशी इंजिने घरच्या कारखान्यात बनवणे आणि त्यांवर माणसे बसवून गाडी चालवणे हा छंद मुख्यतः ब्रिटनमध्ये वाढला व तेथून अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान या देशांत पसरला. विजेवर धावणाऱ्या प्रतिकृतींपासून तो वेगळा आहे. पुण्यात कोथरूडला असलेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय अनेक मराठी वाचकांनी पाहिलेले असते. तेथील गाड्या विजेवर चालतात.

दोन रुळांमधील अंतरावरून या इंजिनांचे प्रकार ठरतात. अडीच इंची (६४ मिमी), साडेतीन इंची (८९ मिमी), पाच इंची (१२७ मिमी) आणि सव्वासात इंची (१८४ मिमी) ही ब्रिटनमधील रूढ मापे. साडेतीन इंचीवरचे इंजिन साधारण एकास सोळा, तर सव्वासात इंचीवरचे एकास आठ प्रमाणाचे असते. लहान मापांचे रूळ जमिनीपासून उंच उभारलेल्या पट्टीवर असतात आणि प्रवासी दोन्ही बाजूंना पाय सोडून बसतात. सव्वासात इंचीची गाडी जमिनीवरून धावते. अमेरिकेच्या ईशान्य भागात सव्वासात इंच, तर उरलेल्या बहुतेक भागात साडेसात इंच हे माप रूढ झाले. या पाव इंचामुळे एकीकडचे इंजिन चाके न बदलता दुसरीकडे नेता येत नाही.

मोठ्या इंजिनाच्या आराखड्यातले प्रत्येक माप बाराने भागले, तर दिसायला हुबेहूब इंजिन तयार होईल, पण ते नीट चालणार नाही. लांबी १/१२ झाली की क्षेत्रफळ १/१४४ होते आणि घनफळ व वजन १/१,७२८. सिलिंडरात मावणारी वाफ १,७२८ पटींनी कमी होते, तिची उष्णता शोषणाऱ्या भिंती मात्र १४४ पटींनीच कमी होतात. म्हणजे तेवढ्याच वाफेच्या वाट्याला बारा पट धातू येतो, आणि काम करण्याआधीच तिचे पाणी होऊ लागते. यावर उपाय म्हणजे वाफ सिलिंडरात जाण्यापूर्वी पुन्हा तापवणे. बॉयलरमधून धूर नेणाऱ्या नळ्यांचेही तसेच. मोठ्या इंजिनातील पन्नास मिलिमीटर व्यासाच्या नळ्या प्रमाणात लहान केल्या तर चार मिलिमीटरच्या होतील, आणि त्या काजळीने लगेच तुंबतील. म्हणून लहान बॉयलरमध्ये नळ्या संख्येने थोड्या आणि प्रमाणापेक्षा जाड घेतात. नळीची इंचांतील लांबी भागिले तिच्या आतल्या व्यासाचा वर्ग हे उत्तर ५० ते ७०च्या दरम्यान यावे, हा केलर यांचा आडाखा आजही वापरला जातो.

मापाचा हा नियम एका बाजूने आडवा येतो, तर दुसऱ्या बाजूने हात देतो. वाफेचा दाब मोठ्या इंजिनाइतकाच ठेवला, तर दट्ट्यावरचे बल १४४ पटींनी घटते पण वजन १,७२८ पटींनी. मग चाके रुळावर जागच्या जागी फिरत राहतील. त्यामुळे चौरस इंचाला ८० ते १०० पौंड दाब पुरतो. ब्रिटनच्या शेवटच्या मोठ्या इंजिनांत तो २२५ ते २५० पौंड असे. बॉल बेअरिंगवर फिरणाऱ्या डब्यांना सरळ सपाट रुळावर ओढायला टनामागे दहा-पंधरा किलोचे बल लागते. साधारण पन्नास किलो वजनाचे इंजिन दहा-बारा किलोची ओढ देऊ शकते, आणि तेवढ्यावर सात-आठ माणसे आरामात जातात. पाहणाऱ्याला हे अशक्य वाटते, पण हिशेब इतका साधा आहे. मापाला हुबेहूब न राहता वाफेच्या स्वभावाला जागणारे इंजिन चालते; म्हणून अशा इंजिनाला प्रतिकृती म्हणणे अपुरे आहे. ते आपल्या आकाराचे खरे इंजिन असते.

हे सर्वांना पटायला वेळ लागला. पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ मध्ये लंडनमध्ये ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक सुरू केले आणि हौशी कारागिरांना एक व्यासपीठ मिळाले. त्या काळी बाजारात मिळणारी लहान इंजिने बहुधा स्पिरिटच्या दिव्यावर चालत. नॉर्थॅम्प्टनची बॅसेट-लोक ही त्यांची नामांकित पेढी. अडीच इंची रुळांवर कोळशाचे इंजिन मोठ्या माणसाला ओढू शकते, असा दावा ‘एलबीएससी’ या टोपणनावाने लिहिणारे कर्ली लॉरेन्स यांनी केला, तेव्हा नियतकालिकाच्या पानांतून वाद पेटला. तो ‘बॉयलरांची लढाई’ म्हणून ओळखला जातो. १९२४ मध्ये लंडनमध्ये लॉरेन्स यांचे ‘आयेशा’ हे ४-४-२ चाकरचनेचे कोळशावरचे इंजिन माणसांना घेऊन धावले आणि वाद व्यवहारात तरी मिटला. टोपणनाव त्यांनी लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट या रेल्वेच्या आद्याक्षरांवरून घेतले होते. १९६७ मध्ये मृत्यू होईपर्यंत, मधले खंड सोडता, ते लिहीत राहिले. त्यांचे खरे मोल या लेखनात आहे. कोणता तुकडा लेथवर कसा धरायचा, भोक कुठून पाडायचे, काय चुकू शकते, हे ते शेजारी उभे राहून सांगितल्यासारखे लिहीत. एक छोटा लेथ आणि रिकाम्या संध्याकाळी एवढेच भांडवल असलेल्या माणसाला त्यांनी इंजिन पुरे करण्याचा धीर दिला. साडेतीन इंची रुळांवरचे त्यांचे ‘टिच’ हे ०-४-० इंजिन आजही नवशिके बनवतात. पुढे मार्टिन इव्हान्स यांची ‘रॉब रॉय’ आणि ‘सिंप्लेक्स’ ही इंजिनेही लोकप्रिय झाली.

बनवण्याच्या कामात चौकट, चाके, सिलिंडर आणि झडपा हलवणारी यंत्रणा यांना वर्षे लागतात, पण कस लागतो तो बॉयलरला. तो बहुधा तांब्याचा असतो. पत्रा लालबुंद तापवून, विझवून मऊ करायचा आणि साच्यावर ठोकून कडा वळवायच्या. ठोकल्याने तांबे पुन्हा कडक होते, म्हणून हे अनेकदा करावे लागते. मग आम्लात धुऊन, टाकणखार लावून चांदीमिश्रित डाकाने सांधे जोडायचे. तांबे उष्णता चटकन पसरवते, त्यामुळे एक सांधा जोडायला जवळजवळ सगळा बॉयलर तापवावा लागतो, आणि आधीचे सांधे सुटू नयेत म्हणून पुढच्या टप्प्यांना कमी तापमानाला वितळणारा डाक वापरतात. ब्रिटनमध्ये नव्या बॉयलरची पाण्याने, कामाच्या दुप्पट दाबावर, चाचणी होते. नंतरच्या चाचण्या दीडपट दाबावर. पाणी दबत नसल्याने सांधा फुटला तरी स्फोट होत नाही. वाफेवरच्या चाचणीत आग पूर्ण फुलवून पाहतात. सुरक्षा झडपांनी दाब ठरलेल्या मर्यादेच्या दहा टक्क्यांहून जास्त वर जाऊ देता कामा नये. असे प्रमाणपत्र नसेल तर क्लबच्या रुळांवर इंजिन पेटवू देत नाहीत, आणि हा कडकपणा योग्यच आहे.

इंजिन पेटवताना रॉकेलात भिजवलेला लोणारी कोळसा भट्टीत टाकतात आणि धुराड्यावर विजेचा छोटा पंखा बसवून हवा ओढतात. थोडा दाब आला की इंजिनाची स्वतःची वाफ तेच काम करते. अर्ध्या तासात गाडी निघते. मागे बसलेला एकच माणूस ड्रायव्हरही असतो आणि फायरमनही. लहान बॉयलरमध्ये पाणी भराभर उतरते. भट्टीचा माथा उघडा पडला तर धोका, म्हणून काचनळीवरची नजर हलवता येत नाही. बारीक नळीत पाणी कडेला चिकटून वर चढते आणि पातळी फसवी दिसू शकते, हेही ध्यानात ठेवावे लागते. बॉयलरमध्ये पाणी भरणाऱ्या इंजेक्टरची छिद्रे मिलिमीटरभर किंवा त्याहून बारीक असतात. टाकीतले पाणी कोमट झाले तरी तो अडतो. त्यामुळे हातपंप जोडीला असतो.

१९६९ पासून ब्रिटनमध्ये या इंजिनांची कार्यक्षमता-स्पर्धा होते. किती कोळसा जाळून किती ओढ दिली, हे मापनडबा जोडून मोजतात. कोळशातील उष्णतेपैकी एक-दोन टक्के कामी आली तरी ती चांगली कामगिरी ठरते. आग पातळ आणि एकसारखी ठेवणारा चालक इथे जिंकतो.

अमेरिकेत या छंदाचे सर्वांत प्रसिद्ध नाव वॉल्ट डिस्ने यांचे. लॉस एंजेलिसमधील घराच्या आवारात त्यांनी १९५० मध्ये सव्वासात इंची रुळांची, सुमारे ८०० मीटर लांबीची ‘कॅरोलवुड पॅसिफिक’ रेल्वे सुरू केली. इंजिनाला पत्नीच्या नावावरून ‘लिली बेल’ नाव दिले. १९५३ मध्ये एका अपघातानंतर त्यांनी ती बंद केली. दोन वर्षांनी उघडलेल्या डिस्नेलँडमध्ये मात्र मोठ्या मापाची वाफेची रेल्वे पहिल्या दिवसापासून होती. जपानच्या ॲस्टर कंपनीने १९७५ पासून ४५ मिमी रुळांची तयार इंजिने व संच विकले. ही इंजिने बागेत चालतात, त्यांवर माणूस बसत नाही.

सध्याची मोठी अडचण इंधनाची आहे. कमी धूर, भरपूर उष्णता आणि गोळा न होणारा वेल्सचा कोळसा या छोट्या भट्ट्यांना सर्वांत मानवणारा. त्याचा मुख्य स्रोत असलेली मर्थर टिडफिलजवळची फॉस-ई-फ्रान खाण नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाली. आता आयात कोळसा आणि भुकटी दाबून बनवलेले इंधनाचे गोळे वापरून पाहिले जातात, आणि प्रत्येकासाठी आगीची जाडी, हवेचा ओढा, कोळसा टाकण्याची वेळ नव्याने बसवावी लागते.