तोंडी परवानगीची किंमत

कादंबरी आणि संगणकाची आज्ञावली कायद्याच्या लेखी एकाच पंक्तीला बसतात. भारतात १९८४ च्या दुरुस्तीने आज्ञावलीचा समावेश साहित्यकृतीच्या व्याख्येत झाला. ती लिहिली जाताच लेखकाचा स्वामित्वहक्क निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही. याची दुसरी बाजू मात्र सहसा ध्यानात येत नाही. लेखकाने परवाना दिला नसेल, तर तिच्या प्रती वाटण्याचा वा तीत बदल करून ती पुढे देण्याचा हक्क इतरांना मिळत नाही. मौन म्हणजे संमती, हे सूत्र येथे चालत नाही.

‘ईमॅक्स’ या मजकूर-संपादकाचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १९७६ साली एमआयटीच्या प्रयोगशाळेत तो घडला, तेव्हा रिचर्ड स्टॉलमन यांची अट एकच होती: केलेल्या सुधारणा परत कळवाव्यात. ही अट केवळ परस्परविश्वासावर उभी होती. पुढे १९८१ मध्ये जेम्स गॉसलिंग यांनी युनिक्ससाठी स्वतंत्र ईमॅक्स लिहिला. आरंभी तो मुक्तपणे वाटला गेला. १९८३ मध्ये मात्र त्याचे हक्क युनिप्रेस या कंपनीकडे गेले. स्टॉलमन यांनी आपल्या नव्या जीएनयू ईमॅक्समध्ये गॉसलिंग यांचा काही भाग घेतला होता. तो वाटण्याची अनुमती गॉसलिंग यांनी पूर्वी एका मित्राला दिली होती, असे त्यांचे म्हणणे. युनिप्रेसने हरकत घेतली आणि १९८५ मध्ये स्टॉलमन यांना तो भाग नव्याने लिहावा लागला.

त्यानंतर अटी लेखी झाल्या. जीएनयूच्या आज्ञावल्यांचे वेगवेगळे परवाने एकत्र करून फेब्रुवारी १९८९ मध्ये सामान्य सार्वजनिक परवाना, अर्थात जीपीएल, प्रसिद्ध झाला. त्याची युक्ती अशी की, स्वामित्वहक्क न सोडता त्याच्याच बळावर वाटपाचे स्वातंत्र्य द्यायचे, आणि घेणाऱ्यानेही पुढे तेच द्यावे अशी अट घालायची.

फुकट दिलेल्या वस्तूच्या अटी न्यायालय मानील काय, ही शंका तरीही उरलीच होती. खेळण्यातल्या रेल्वेगाड्या चालवणाऱ्या एका मुक्त आज्ञावलीवरून उद्भवलेल्या ‘जेकबसन विरुद्ध कॅट्झर’ खटल्यात अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने २००८ साली तिचे उत्तर दिले: मुक्त परवान्यातील अशा अटी मोडून केलेले वितरण हा स्वामित्वहक्काचा भंग ठरू शकतो.

एकट्याने लिहिणाऱ्या आज्ञावलीकाराजवळ वकिलांची फौज नसते. त्याने आपले नाव, वर्ष आणि परवान्याचा मजकूर आज्ञावलीसोबत ठेवावा. दुसऱ्याचा भाग उचलताना त्याच्याही अटी वाचाव्यात. मैत्रीतला शब्द खरा असतो, पण हक्क विकत घेणारा त्या मैत्रीत नसतो.